कुत्र्याने होला धरला, म्हणून काय झालं?

‘पोटभर भाकरी घातली की कुत्रं पाखरामागं लागत नाही’ हा आपल्याकडचा सर्वांत घट्ट बसलेला समज. खरं तर भुकेचा आणि या धरपकडीचा संबंध फार थोडा. टक लावणं, दबा धरणं, झेपावणं, धरणं, झटकणं, खाणं या कुत्र्याच्या शिकारीच्या पायऱ्या. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातल्या काही ठळक केल्या, काही पुसट. लातूर जिल्ह्यात जानवळच्या पश्मी या शिकारी कुत्र्यांच्या जातीत नजर आणि धाव राहिली. खाण्याची पायरी तर कितीतरी घरगुती कुत्र्यांत विझूनच गेली आहे. म्हणून दूधभाकरी चापून बसलेलं कुत्रंही होला धरतं, दोनदा झटकतं आणि तिथंच टाकून निघून जातं.

‘ही खोड गावठी कुत्र्यांची, आमचा लॅब तसला नाही,’ असंही ऐकू येतं. लॅब्रॅडॉर ही जात ब्रिटनमधल्या शिकाऱ्यांनी घडवली तीच बंदुकीने पाडलेली पाखरं पाण्याझाडीतून उचलून आणण्यासाठी! त्याची पकड हलकी असते एवढंच. त्याच्या तोंडातून सोडवलेली साळुंकी वरून धड दिसते, पण पिसांखालची दाताची भोकं आणि आतला मार दिसत नाही. ‘काही झालं नाही’ म्हणून लगेच उडवून देऊ नये. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये आणि दूध तर मुळीच नाही. मग पशुवैद्य गाठावा किंवा वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावं.

रक्ताची चटक लागून कुत्रं उद्या माणसावर जाईल, ही भीतीही खोटी. माणसाला चावण्यामागे बहुधा भीती, दुखणं किंवा राखणदारी असते. पाखरामागे धावण्यात कुत्र्याला धावण्याचीच मजा येते आणि जितकी संधी मिळेल तितकी सवय पक्की होते. नंतर काठी हाणून उपयोग शून्य, कारण मार कशाचा ते त्याला उमगत नाही. तुम्ही जवळ आलात की मार बसतो, एवढंच ते शिकतं. मेलेलं पाखरू गळ्यात बांधून खोड मोडायचा उपाय तर निव्वळ किळसवाणा, वर रोगाला आमंत्रण.

आपण एक गोष्ट मात्र विचारत नाही : पाखरू सापडलं कसं? धडधाकट मोठा पक्षी अंगणातल्या कुत्र्याच्या हाती सहसा लागत नाही. लागतं ते पिल्लू, तहानेने टेकलेलं पाखरू किंवा आजारी पाखरू.

तहानेचं आधी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आपण पुण्य म्हणून पाण्याचं पसरट भांडं ठेवतो आणि ठेवतो कुठं, तर नळाजवळच्या सावलीत, जमिनीवर. दुपारी कुत्रंही तिथल्याच ओल्या मातीत पोट टेकून पडलेलं असतं. चोच उघडी टाकून धापा टाकणारा होला त्याच्यापासून हातभर अंतरावर उतरतो. हे भांडं छातीइतक्या उंचीवर टांगलं की निम्मं काम झालं.

पिल्लांचं वेगळं. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपात, जमिनीवर फुदकतात. आईबाप जवळच असतात, भरवतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, ही समजूत बिनबुडाची आहे. पिसं फुटलेलं पिल्लू खुशाल उचलून झुडपात ठेवावं आणि चार-पाच दिवस कुत्र्याला बांधावं. टिटवी तर अंडीच उघड्यावर घालते. मोकळ्या प्लॉटवर फिरायला नेताना पट्टा हातात हवा.

आजारी पक्ष्याची गोष्ट गंभीर. जानेवारी २०२५मध्ये उदगीर शहरात कावळे मरू लागले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावल्याचं उघड झालं. कुत्र्यांना हा रोग क्वचितच होतो, पण होतच नाही असं नाही : कॅनडात २०२३मध्ये एक पाळीव कुत्रा रानटी हंस चघळल्यानंतर मेला. तेव्हा ‘कुत्र्याला काय होतंय, कच्चं पचतं त्याला’ हे अर्धसत्य. हाडं पचतील, विषाणूची आणि विषाची हमी नाही. पेरणीच्या दिवसांत आखाड्यावर विशेष जपावं. कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेलं बियाणं टिपून सुस्तावलेलं पाखरू कुत्र्याने खाल्लं आणि त्याची लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं, तर घरगुती उतारे करत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आणि ‘माझं शेत, माझं कुत्रं’ म्हणून तितरावर, सशावर कुत्रं सोडणाऱ्यांसाठी : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग आणि पकडणंही येतं, पक्ष्यांची अंडी नासवणंही येतं. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे तो कायदा विचारत नाही.

परिसरात एकाच वेळी बरेच कावळे, कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला १९६२वर कळवावं. कुत्र्याच्या तोंडातलं पाखरू काढतानाही उघडा हात नको; काही नसेल तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, मग साबणाने हात धुवावेत.