बावन्न दरवाजांची फेरी कोण आखणार?

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. त्यांतले थोडेच आज उभे आहेत, पण हिशेबापुरते बावन्नही नकाशावर मांडू. एका दरवाजापासून निघायचे, प्रत्येकाला एकदाच जायचे आणि कमीत कमी अंतरात परत यायचे. गणितात याला ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणतात. बुद्धी आणि यंत्र यांबद्दलचे काही पक्के समज तो ढिले करतो.

गैरसमज : संगणक सगळे मार्ग मोजून पाहतो.
वस्तुस्थिती : पाच दरवाजांच्या वेगवेगळ्या फेऱ्या फक्त १२. दहा दरवाजांच्या १,८१,४४०. बावन्नला ही संख्या ६६ आकडी होते. सेकंदाला एक लाख कोटी फेऱ्या तपासणारे यंत्र विश्वाच्या आरंभापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षे, चालू असते तरी त्यांतल्या नगण्य फेऱ्याच पाहून झाल्या असत्या. म्हणून यंत्रही वगळत जाते. एखाद्या गटातली कोणतीच फेरी अमुक अंतराच्या खाली येऊ शकत नाही हे दाखवले आणि हाती त्याहून छोटी फेरी असली, की तो अख्खा गट न मोजता बाद.

गैरसमज : असल्या कामात माणसाची नजर कुचकामी.
वस्तुस्थिती : मॅकग्रेगर आणि ऑर्मरॉड या संशोधकांनी १९९६ साली १० आणि २० ठिपक्यांची कोडी लोकांना दिली. नुसत्या नजरेने आखलेल्या फेऱ्या सर्वोत्तम फेरीच्या बऱ्याच जवळ निघाल्या. माणूस साधारण कडेकडेने जातो आणि रेषा एकमेकींना छेदू देत नाही. उत्तरेच्या दिल्ली गेटहून दक्षिणेचे पैठण गेट, मग पूर्वेचे रोशन गेट, मग पश्चिमेचे मक्का गेट असे केले, तर रेषा मधोमध छेदतात. छेद सोडवला की सरळ रेषेतले अंतर हमखास घटते.

गैरसमज : हे प्रश्न वेगवान संगणक आल्यावरच सुटले.
वस्तुस्थिती : डँटझिग, फुलकर्सन आणि जॉन्सन या गणितज्ञांनी १९५४ सालीच अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वांत छोटी फेरी सिद्ध केली, तीही मुख्यतः हाताने आकडेमोड करून. त्यांचीच युक्ती पुढे वाढवून ‘कॉन्कॉर्ड’ प्रणालीने २००६ साली ८५,९०० ठिकाणांचा प्रश्न सोडवला. वेग यंत्राचा, पण वगळण्याची रीत माणसाने शोधलेली.

गैरसमज : यंत्राने सांगितले म्हणजे शंकेला जागा नाही.
वस्तुस्थिती : सिद्धता असते ती विचारलेल्या प्रश्नापुरती. सिटी चौकातली गर्दी, एकेरी रस्ता, कमानीत न मावणारी उंच गाडी हे सांगितले नसेल, तर ते हिशेबात येत नाही. चॅटबॉटने दिलेली फेरी तर पटण्याजोगी दिसते म्हणून सर्वांत छोटी ठरत नाही. अशा वेळी दोन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या अटी धरल्या, आणि याहून छोटी फेरी नाही हे कशावरून?