पेगी सूला आजीचा फोन

'पेगी सू गॉट मॅरिड' पहिल्याच दृश्यात आपल्याला फसवतो. पेगी सू आरशासमोर बसून नटते आहे आणि आपण पाठीमागून तिचं प्रतिबिंब पाहतो आहोत, असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे आरसा नाहीच. पाठमोरी बसलेली बाई डमी आहे आणि रिकाम्या चौकटीपलीकडे, आपल्याकडे तोंड करून बसली आहे ती कॅथलीन टर्नर. दोघींनी एकमेकींच्या हालचाली जुळवून घेतल्या आहेत. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या या १९८६च्या चित्रपटातली जादू अशीच आहे, हाताने केलेली.

गोष्ट साधी आहे. शाळेतल्या चार्लीशी लवकर लग्न झालेली पेगी सू आता चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. चार्लीचं बाहेर प्रकरण आहे आणि दोघं वेगळे झाले आहेत. शाळा सोडल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या बॅचचा मेळावा भरतो. तिथे तिच्या डोक्यावर राणीचा मुकुट चढतो आणि ती घेरी येऊन पडते. डोळे उघडतात ते १९६० सालात, शाळेच्या जिममध्ये, रक्तदानाच्या खाटेवर.

आदल्याच वर्षी आलेल्या 'बॅक टू द फ्यूचर'मधला मार्टी गाडीत बसून स्वतःच्या जन्माआधीच्या काळात जातो. पेगी सू मात्र आपल्याच आयुष्यात परतते. माणसं तीच, घर तेच, फक्त पुढचं सगळं तिला ठाऊक आहे. सगळा विनोद इथूनच येतो. बीजगणिताच्या सरांना ती सांगते की याचा पुढे काहीएक उपयोग होत नाही, आणि हे ती अनुभवाने सांगते आहे! वडील कौतुकाने नवी एडसेल गाडी दारात उभी करतात आणि तिला हसू आवरत नाही, कारण फोर्डने त्या गाडीचं उत्पादन १९५९च्या नोव्हेंबरातच बंद केलेलं. गायक व्हायची स्वप्नं पाहणाऱ्या चार्लीला ती 'शी लव्हज यू' आयतं लिहून देते. बीटल्सचं ते गाणं यायला अजून तीन वर्षं आहेत, तरी हा पठ्ठ्या त्यात आपल्या सुधारणा करतो.

पण मला हा चित्रपट प्रिय आहे तो एका फोनमुळे. घरात घंटा वाजते, पेगी सू रिसीव्हर उचलते आणि पलीकडून आजी बोलते. कधीच गेलेली आजी. तिच्यासाठी तो रोजचाच फोन आहे, नातीला मात्र शब्द फुटत नाही. ना पार्श्वसंगीताचा गहिवर, ना लांबलचक संवाद. आईला बघून तर ती म्हणते की तू इतकी तरुण होतीस हे मी विसरूनच गेले होते. धाकट्या बहिणीला मिठी मारते, तेव्हा ती पोर बावचळते. ती बहीण म्हणजे कपोलांची मुलगी सोफिया. आजी-आजोबांच्या भूमिकांत मॉरीन ओसलिव्हन आणि लिऑन एम्स आहेत. ओसलिव्हन म्हणजे जुन्या टारझनपटांतली जेन. त्यामुळे प्रेक्षकालाही आपलं जुनं माणूस भेटल्यासारखं होतं.

टर्नरच्या तरुणपणासाठी वेगळी नटी घेतलेली नाही. तिशीच्या पुढची ही अभिनेत्री सतरा वर्षांची मुलगी आणि त्या मुलीच्या आतली अनुभवी बाई एकाच नजरेत दाखवते. ऑस्करचं नामांकन तिला उगाच मिळालं नाही. चार्ली झालेला निकोलस केज हा कपोलांचा पुतण्या, टर्नरपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी लहान. त्याने काढलेला नाकातला चिरका आवाज अनेकांना खटकला. मला तो पटतो. कोवळ्या, बढाईखोर पोराचा आवाज असाच असतो.

शेवटावर मात्र वाद होतो. दुसऱ्यांदा संधी मिळूनही ती त्याच नवऱ्याकडे का वळते? कारण चार्लीने दिलेल्या लॉकेटमध्ये दोघांचे बाळपणीचे फोटो आहेत आणि त्या चेहऱ्यांत तिला आपली मुलं दिसतात. चार्ली नको म्हटलं, तर ती दोघं जन्मालाच येणार नाहीत. पुन्हा १९८५मध्ये, इस्पितळात उशाशी बसलेला चार्ली माफी मागतो, तेव्हा ती लगेच विरघळत नाही. रविवारी मुलांबरोबर जेवायला ये, मी स्ट्रुडेल करते, एवढंच म्हणते. आजीच्या स्ट्रुडेलने आपलं घर धरून ठेवलं, असं आजोबांनी तिला सांगितलेलं असतं. याला तडजोड म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. तिने जेवायला बोलावलंय, घरी राहायला नाही.