रिकाम्या गावातील लढाई

माझी ताई पुष्कळ वर्षांपूर्वी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेली व तिथेच स्थायिक झाली. मागच्या सुट्टीत मी तिच्या घरी काही दिवस राहून आलो. तिचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला इंचभर उंचीच्या शिपायांच्या लढाया खेळण्याचा फार नाद. जेवणाच्या टेबलावर हिरवे कापड अंथरायचे, पुठ्ठ्याची घरे मांडायची, फासे टाकायचे व फूटपट्टीने मोजून पलटणी पुढे सरकवायच्या, असा तो खेळ.

मी गेलो त्या दिवशी त्याने असईची लढाई मांडली होती. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली ह्या इंग्रज सेनापतीने शिंदे व भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. "मामा, ही आपल्या मराठ्यांची लढाई," असे सांगून त्याने मला लाल डगलेवाले शिपाई, तोफा, घोडेस्वार सर्व दाखविले. नदीच्या दोन काठांवर दोन गावेही होती. मी विचारले, "बाळा, ह्या गावांत कोणीच राहत नाही का?" तो हसला व म्हणाला, "मामा, माणसे मिळतच नाहीत. दुकानात शिपाईच असतात."

मी शिक्षक. मला गप्प बसवेना. ती दोन गावे त्या लढाईत फार महत्त्वाची होती. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर पिंपळगाव व वरूर ही गावे समोरासमोरच्या काठांवर वसलेली. त्याने मनाशी ताडले की दोन गावे अशी जवळजवळ असतील तर लोक नदीतून ये-जा करत असणारच. त्याचा अंदाज खरा ठरला. त्याच जागी उतार सापडला व फौज पार झाली. म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या पायवाटेने लढाईचा रंग बदलला, आणि आमच्या टेबलावर त्या गावकऱ्यांपैकी एकही नाही!

ही तक्रार जुनीच आहे. प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९११ साली 'फ्लोअर गेम्स' हे मुलांच्या खेळांवरचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी कुरकूर केली आहे की दुकानांत शिपाई हवे तेवढे मिळतात, पण खाटीक, पाववाला, व्यापारी असे साधे लोक मिळत नाहीत. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' हे लुटुपुटीच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. ते संपल्यावर लोकांना शिपायांचा वीट आला, तेव्हा लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने शेतकरी, गवळणी, गाई, मेंढ्या असा शेतवाडीचा संच बाजारात आणला. ह्याच कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई विकून नाव कमावले होते.

शनिवारी मामा-भाचे शोधाला निघालो. खेळण्यांच्या दुकानातील गृहस्थाने आम्हाला शिपायांच्या कपाटाकडे न नेता छोट्या आगगाड्यांच्या विभागात नेले. तिथे स्टेशनावर उभे राहणारे प्रवासी, हमाल, शेतकरी, दूधवाले सर्व होते! मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भाच्याचे शिपाई खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचे. इंग्लंडमधील लोकप्रिय आगगाड्यांची माणसे शहात्तराव्या हिश्शाची, तर युरोपातील बरीचशी सत्याऐंशीव्या हिश्शाची. पाच फूट आठ इंच उंचीचा माणूस पहिल्या मापात २४ मिलिमीटर होतो, दुसऱ्यात सुमारे २३ आणि तिसऱ्यात २०. पहिली दोन मापे एकत्र खपून जातात. तिसऱ्या मापाचा माणूस शिपायाशेजारी पोरगेला दिसतो. त्याला मुलगाच करून टाकावा, असे आम्ही ठरविले.

गणवेश नसलेले लढवय्ये, म्हणजे पेंढाऱ्यांसारखे लोक, मिळविणे याहून कठीण. त्याचे कारणही सरळ आहे. एका साच्यातून दहा-बारा तऱ्हांचे शिपाई निघतात व तेच पुन्हा पुन्हा. पलटणीत एकसारखे शिपाई शोभतात, पण ज्याला जे सापडले ते अंगावर चढवून आलेली माणसे एकसारखी कशी दिसतील? म्हणून एकच मोठी पेटी घेऊ नये. अनेक पेट्यांतून दोन-दोन, चार-चार घ्यावीत. एअरफिक्स कंपनीचे अरब बेदुइन व रॉबिन हूडचे सोबती जुन्या पेट्यांत अजून हाती लागतात. नॉटिंगहॅमच्या आसपास धातूची माणसे ओतणारे कारखाने पुष्कळ आहेत. नेपोलियनशी झुंजणारे स्पॅनिश शेतकरीही त्यांच्याकडे मिळतात. गंमत पाहा, 'गुरिला' हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ छोटे युद्ध असा आहे. त्या शेतकऱ्यांच्या मदतीने स्पेनमध्ये लढलेला इंग्रज सेनापती म्हणजे असईचाच वेलस्ली. आपल्याकडे त्याआधी दीडशे वर्षे मावळ्यांचा गनिमी कावा घरोघर ठाऊक होता.

धोतर-पागोट्यातला शेतकरी मात्र आम्हाला आयता मिळाला नाही. तो आम्ही घडविला. इंग्रज शेतकऱ्याची टोपी धारदार सुरीने कापली व दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या लुकणाची बारीक वळी करून डोक्याला गुंडाळली. पातळ कागद गोंदात भिजवून ताईने बायकांना लुगडी नेसविली. इंग्रज गाईला लुकणाचे वशिंड चढविताच तिचा खिल्लारी बैल झाला! मऊ प्लॅस्टिकची माणसे रंगविण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवावीत, नाही तर रंगाची खपली निघते.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गावांत चूल पेटली, विहिरीवर बाया आल्या. फौजेच्या मागे बाजारबुणगे व धान्याचे बैल हाकणारे वंजारीही उभे राहिले. मग भाच्याने विचारले, "मामा, ह्यांनी खेळात करायचे काय?" मी त्याला सांगितले की १८०३-०४ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पाऊस तर दगा देऊन गेलाच, पण फौजांनी पिके तुडविली, गावे लुटली, आणि लढाईत न पडलेली माणसे भुकेने मेली. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने वहीत नवा नियम लिहिला: जो गाव लुटील त्याला एकदाच धान्य मिळेल. पुढच्या डावापासून त्याची फौज निम्म्या चालीने चालेल आणि लुटलेले गाव पुन्हा कोणालाच धान्य देणार नाही.

त्या संध्याकाळी तो लढाई हरला, पण दोन्ही गावे शाबूत राहिली.

आपले पूर्वज कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने जहाजात बसून ह्या बेटावर आले, ते अशाच गावांतले. इतिहासाच्या पुस्तकात सेनापतींची नावे असतात, आमच्या पणजोबांचे नाव त्यात नाही. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा वर शिवाजी महाराज व मावळे बसवितात, पण पायथ्याशी शेतकरी, वाणी व गवळणही ठेवतात. आपली मुले लढाई खेळणार असतील तर खुशाल खेळोत. फक्त टेबलावर एखादे गाव मांडले की त्यात माणसे ठेवायला त्यांना शिकवू या.