करवंद : सड्यावरची पांढरी फुलं

शास्त्रीय नाव : कॅरिसा कॅरंडास (लिनिअस, १७६७)
कुळ : कण्हेर, सदाफुली आणि चाफ्याचं

मे महिन्यातली काळी करवंदं सगळ्यांना ठाऊक. फेब्रुवारी-मार्चमधला फुलोरा मात्र फारसा कुणी बघत नाही. जाईसारखी पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं झुबक्यांनी येतात आणि मंद सुवास देतात. जाईशी नातं मात्र नाही. पान तोडलं की पांढरा चीक येतो, त्यावरून कुळ ओळखावं.

कोकणातले जांभ्याचे सडे, सह्याद्रीचे उघडे उतार आणि जंगलाच्या कडा हे या सदाहरित झुडपाचं घर. माती थोडी असली तरी चालते, पाणी साचलेलं चालत नाही. टोकदार, कधी दुभंगलेल्या काट्यांमुळे गुरं जाळीत तोंड घालत नाहीत. त्यामुळे आत इतर झाडांची रोपंही निर्धास्त वाढतात. सडा साफ करताना आधी हीच जाळी तोडली जाते, हे दुर्दैव! बुलबुलांसारखे पक्षी फळं खाऊन बी दूरवर नेतात. माणसं कच्च्याचं लोणचं घालतात. मुलं पिकलेलं फोडून बघतात : आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.