धर्म बदलला की स्वभावही बदलतो का? टिळक दांपत्याच्या आयुष्यातून समजून घ्या

नृसिंहवाडी : कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तपादुकांच्या दर्शनाला येणाऱ्याला ‘सोवळे’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. नृसिंह सरस्वतींनी येथे 12 वर्षे वास्तव्य केले, अशी परंपरा आहे. वाडीत ज्या गुरुचरित्राची पारायणे होतात, त्यातील 36व्या आणि 37व्या अध्यायांचा बराचसा भाग पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कसे वागावे यावरच आहे. श्रद्धा आहे म्हणजे ती आचारात दिसणार, हे येथे गृहीतच धरलेले आहे.

प्रश्न उलट बाजूने विचारला की गुंता वाढतो. आचार पाळून माणूस आतून बदलतो, की आतून बदलल्यावर आचार आपोआप येतो? ख्रिस्ती धर्मविचारात या प्रश्नावर शतकानुशतके खल झाला आहे. मराठीत त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर एका अशा बाईंनी लिहून ठेवले, ज्या स्वतः कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

ख्रिस्ती शिकवण नेमकी काय आहे?

सर्वसाधारण समज असा, की दहा आज्ञा पाळल्या की माणूस चांगला ख्रिस्ती झाला. प्रत्यक्षात मत्तयच्या शुभवर्तमानातले 5 ते 7 हे तीन अध्याय, म्हणजे येशूचे डोंगरावरील प्रवचन, नियमांच्या मागे जाते. खून न करणे पुरेसे नाही, मनातल्या रागाचाही हिशेब द्यावा लागतो. मित्रावर प्रेम करण्यात विशेष काही नाही, शत्रूवर करता येते का ते पाहा, असा त्याचा रोख आहे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी ठामपणे मांडले, की चांगल्या कर्मांनी तारण विकत मिळत नाही. ते श्रद्धेने मिळते आणि चांगले वागणे हे त्या श्रद्धेचे फळ असते. पण बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात कृतीवाचून श्रद्धा निर्जीव ठरवली आहे. म्हणजे फळ दिसले नाही, तर झाड जिवंत आहे का, ही शंका आलीच. बाप्तिस्मा एका दिवसात होतो. स्वभाव घडण्याला मात्र ख्रिस्ती परंपरेतही आयुष्यभराचे काम मानले जाते. कॅथलिक पंथात पापनिवेदन पुन:पुन्हा करायचे असते, ते यामुळेच.

सोवळे आधी सुटले

रेव्हरंड नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत) यांचा जन्म 1861चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी आणि कीर्तनाची आवड असलेला माणूस. रेल्वे प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात हाहाकार उडाला. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली.

त्यांच्या माहेरचे सोवळे साधे नव्हते. वडिलांना त्याचा ध्यास होता. बाजारातून आलेले सामानही धुऊन घेण्यापर्यंत मजल जात असे. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तेव्हाही त्यांची चूल वेगळी होती. टिळकांचा संसार ख्रिस्ती, त्यांचा स्वयंपाक सोवळ्यातला.

मग एक दिवस त्या स्वतःशीच विचार करत बसल्या. देवाने माणसे निर्माण केली, प्राणी निर्माण केले, पण जाती त्याने केल्या असतील का? उत्तर नाही असे आले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवून टाकले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग चवीने वाचावा असा आहे, कारण त्यात कुठलाही चमत्कार नाही, प्रकाशाचा झोत नाही.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आचार आधी बदलला. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. श्रद्धा हे कारण आणि वागणूक हा परिणाम, असे सरळ समीकरण लक्ष्मीबाईंना लागू पडत नाही. पुढे या जोडप्याने अनाथ मुले स्वतःच्या घरात वाढवली. त्यांची जात विचारण्याचा प्रश्न तोवर उरलाच नव्हता.

राग मात्र राहिला

धर्मांतराच्या गोष्टी सहसा ‘आधी वाईट, नंतर चांगला’ अशा दोन रंगांत रंगवल्या जातात. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. त्यांचे टिळक बाप्तिस्म्याआधी शीघ्रकोपी होते आणि नंतरही शीघ्रकोपीच राहिले. भडकले की घर डोक्यावर घ्यायचे, थोड्या वेळाने विरघळून जायचे. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की घरखर्चाचे भान सुटे. संसाराची तोंडमिळवणी बायकोने करायची. हे सगळे त्यांनी हसत लिहिले आहे, पण त्या हसण्यामागची दमछाक लपत नाही.

बदलले ते दुसरेच काहीतरी. राग कशासाठी यायचा आणि पैसा कोणासाठी जायचा, हे बदलले. मिशनमधील परदेशी वर्चस्वही त्यांना खटकू लागले. 1917मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. 1919मध्ये ते गेले.

मानसशास्त्र काय म्हणते?

टिळकांची गोष्ट अपवाद नाही. 1999मध्ये ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी’ या नियतकालिकात रेमंड पालुट्झियन, जेम्स रिचर्डसन आणि लुइस रॅम्बो यांनी धर्मांतरावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की स्वभावाचा मूळ साचा धर्मांतराने फारसा बदलत नाही. मात्र उद्दिष्टे, वृत्ती, वागणूक आणि ‘मी कोण’ याचे उत्तर यांत मोठा बदल होऊ शकतो. मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर हार्डवेअर तेच, त्यावर चालणारे बरेच काही नवे. (उपमा ढोबळ आहे, पण कामचलाऊ आहे.)

श्रद्धेची परीक्षा घेणारा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 1973मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवले. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. फारशी घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच ‘चांगल्या शोमरोन्याचा दाखला’ होता, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. त्यानेही फारसा फरक पडला नाही.

कृष्णेपलीकडचा दवाखाना

वाडीहून कृष्णा ओलांडली की मिरज. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस 1889मध्ये भारतात आले आणि 1894मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही पत्त्यात लिहिली जाते. या परिसरातल्या अनेक घरांना ख्रिस्ती धर्म माहीत झाला तो प्रवचनातून नव्हे, मिरजेच्या दवाखान्यातल्या खाटेवरून. उपचारामागे धर्मप्रसाराचा हेतू होता का? मिशन होते, त्यामुळे होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. पण उपचार घेणाऱ्या बहुसंख्यांनी धर्म बदलला नाही, हेही तितकेच खरे.

जात चर्चमध्ये संपते?

लक्ष्मीबाईंनी एका विचारात सोडलेली जात समाजाने तितक्या सहज सोडली नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्यांत दलितांची संख्या मोठी होती आणि नात्यागोत्यांत जुन्या जातींच्या रेषा अनेक ठिकाणी टिकल्या. अनुसूचित जातींसंबंधीचा 1950चा राष्ट्रपतींचा आदेश मात्र वेगळे गृहीत धरतो. हा दर्जा सुरुवातीला हिंदूंपुरता होता. 1956मध्ये त्यात शीख आणि 1990मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले.

धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारे मागासलेपण टिकते का, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दोन वर्षांत अहवाल अपेक्षित होता, नंतर मुदत वाढवण्यात आली.