वादीतल्या वाटा आणि आमची खारीक

मस्कतला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. त्याआधीचं सगळं आयुष्य पुण्यात, कोथरूडला. घरात मोती नावाचा कुत्रा आणि मागं वेताळ टेकडी, एवढ्यावर माझं बालपण मजेत गेलं. सकाळी बाबा, मी आणि मोती टेकडी चढायचो, जुन्या दगडखाणीच्या काठानं फेरी मारायचो आणि पाषाणचं तळं दिसलं की मागं फिरायचो. पावसाळ्यात खाणीत पाणी साचायचं, मोर ओरडायचे. ओमानला निघताना हे सगळं आता संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

मग चार वर्षांपूर्वी खारीक आली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेलं, बरगड्या मोजता येतील असं पिल्लू. रंग आणि अंगकाठी बघून मुलीनं नाव ठेवलं खारीक. इथं अशा भटक्या गावठी कुत्र्यांना सगळे 'वादी डॉग' म्हणतात. आपली वाडी म्हणजे वस्ती, पण इथली वादी म्हणजे डोंगरातून येणारं कोरडं नदीपात्र. पाऊस पडला तरच ते वाहतं. फोनवर आईला सांगितलं, "वादीत फिरायला जातो," तर ती म्हणाली, "कुणाच्या वाडीत? आधी विचारून जात जा रे!"

खारकेला पळायला जागा हवी, म्हणून आम्ही वाटा शोधायला लागलो आणि ओमान नव्यानं दिसायला लागलं. आम्ही राहतो अल खौदला. जवळच अल खौदचं धरण आहे, 1985 मध्ये बांधलेलं, सुमारे पाच किलोमीटर लांब. पण आपल्या धरणासारखा भरलेला जलाशय इथं शोधू नका. पुराचं पाणी अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग ते सोडून जमिनीत मुरवायचं, यासाठी हा बांध आहे. त्यामुळे एरवी मागं सपाट माळरान असतं आणि चांगला पाऊस झाला की काही दिवस तळं. त्या दिवसांत पक्षी येतात, बघायला माणसं येतात. आम्ही कडेकडेनं, साखळी हातात धरून फेरी मारतो.

बाराही महिने पाणी बघायचं असेल तर कुरियातजवळचं वादी दायकाचं धरण. मस्कतहून गाडीनं तास-सव्वा तास. 2012 मध्ये सुरू झालेल्या या धरणात दहा कोटी घनमीटर पाणी मावतं. आपल्या भाषेत साडेतीन टीएमसी. खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीसुद्धा नाही, हे पुणेकरांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही! धरणावरची बाग लोकांनी डबे उघडून बसायची जागा, तिथं आम्ही खारकेला नेत नाही. गाडी लांब लावून बाहेरच्या खडकाळ वाटेनं चालतो. खाली निळंशार पाणी, चारी बाजूंनी गवताचं पातंही नसलेले डोंगर.

शहरातल्या शहरात हवी असेल तर रियाम ते मत्रह ही जुनी पायवाट. किनाऱ्यावरचा रस्ता नव्हता तेव्हा माणसं आणि गाढवं या डोंगरवाटेनंच ये-जा करायची. खडकांवर पिवळा-पांढरा-लाल पट्टा रंगवलेला दिसतो, तो धरून चालायचं. अंतर दोन-अडीच किलोमीटरच, पण चढ खडा आहे आणि दगड सुटे. खारीक चार पायांवर पुढं, मी दोन पायांवर धापा टाकत मागं.

आणि खाणी? त्या तर इथं पुराणकाळापासूनच्या. सोहारच्या मागं, वादी जिझ्झीच्या भागात तांबं निघायचं. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर 'मगान' म्हणून ज्या देशाचा उल्लेख आहे तो हाच, असं अभ्यासक मानतात. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी इथलं तांबं जहाजांनी तिकडं जायचं. लसैलला जुन्या भट्ट्यांच्या काळ्या राखेचे, मळीचे ढीग अजून दिसतात. 1983 मध्ये तिथं पुन्हा खाण सुरू झाली आणि पुढं तीही थांबली. तिथं आम्ही एकदाच गेलो, तेही लांबून बघायला. जुन्या खाणीचा काठ कधी ढासळेल सांगता येत नाही, आणि तांब्याच्या खाणीत साचलेलं पाणी कितीही सुंदर हिरवं-निळं दिसलं तरी कुत्र्याला तोंड लावू द्यायचं नाही.

पण जी गोष्ट सांगायला लिहायला बसलो, ती यातल्या कुठल्याच प्रसिद्ध ठिकाणची नाही. आमच्या भागातल्या एका वादीत खडीची बंद पडलेली खाण आहे. मला ती आमच्या टेकडीवरच्या खाणीसारखी वाटते, म्हणून मी वरचेवर जातो. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, शुक्रवारची सुट्टी. आदल्या रात्री उशीर झाला होता, त्यामुळे निघायलाच सात वाजले. मेमध्ये इथं साडेपाचच्या आत सूर्य वर येतो. म्हणजे सात ही सकाळ नव्हेच. पण म्हटलं, तासाभरात परत येऊ. बायको म्हणाली होती, "आज राहू दे." ऐकलं नाही.

खाणीपर्यंत सगळं ठीक होतं. परतताना खारीक आधी मागं पडली, मग मिळेल त्या सावलीत बसायला लागली. मला वाटलं, नखरे करतेय. काळपट खडक तोवर तव्यासारखे तापले होते. माझ्या पायात जाड बूट, तिचे पंजे उघडे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका वळणावर तिचे मागचे पाय लटपटले आणि ती आडवी झाली. तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक. बाटलीत दोन घोट पाणी उरलेलं, कारण मधे मीच पीत आलो होतो. मोबाइलला रेंज नाही. तिला उचललं आणि चालायला लागलो. वीस किलोचं कुत्रं, पाच मिनिटांत माझेही पाय थरथरायला लागले.

तेवढ्यात खालच्या बाजूला पिकअप दिसली. एक म्हातारे ओमानी गृहस्थ शेळ्यांना चारा टाकत होते. मी हाक मारली खरी, पण मनात धाकधूक. इथं बऱ्याच लोकांना कुत्र्याचा स्पर्श, विशेषतः लाळ, चालत नाही, लागली तर नीट धुवावं लागतं. कुणी कुत्र्यापासून दोन पावलं लांब राहिलं तर त्यात राग नसतो, एवढं इथं राहून मला कळलं होतं. पण मदत मागायची कशी?

मागावी लागलीच नाही. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बोरीसारख्या दिसणाऱ्या सिद्र झाडाखाली बोट दाखवलं. "इधर रखो." जुन्या पिढीतल्या पुष्कळ ओमानींना मोडकंतोडकं हिंदी येतं. त्यांनी गाडीतून पाण्याचा कॅन काढला, पोटावर, जांघेत, पंजांवर ओतायला लावला. चाकूनं प्लास्टिकची बाटली कापून तिचं भांडं केलं. "थोडा थोडा, जल्दी नहीं." स्वतः हात लावला नाही, पण अंगावरची ओढणी पसरून वारा घालत राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी खारकेनं मान उचलून दोन लपके पाणी प्यायलं, तेव्हा मला रडूच आलं.

मी आभार मानायला लागलो तर त्यांनी त्यांच्या परंपरेतली गोष्ट सांगितली. तहानेनं व्याकूळ कुत्रं दिसलं म्हणून एक माणूस विहिरीत उतरला, बुटात पाणी भरून वर आणलं आणि त्याला पाजलं. एवढ्यावर देवानं त्याचे अपराध माफ केले. मला आमचे एकनाथ महाराज आठवले, काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणारे. मोडक्या हिंदीत ती गोष्ट मीही त्यांना सांगितली. ते म्हणाले, "सही आदमी." मग त्यांनी आम्हाला गाडीच्या हौद्यात बसवून मुख्य रस्त्यापर्यंत सोडलं. पैसे तर घेतलेच नाहीत. तिथून थेट डॉक्टरांकडं. सलाईन लागलं, दोन दिवस पंजांना मलमपट्टी. खारीक वाचली.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम ठरले. ओमानमध्ये नव्यानं कुत्रा पाळणाऱ्यांसाठी ते इथं देतो. फिरायचं नोव्हेंबर ते मार्च. एरवी उजाडायच्या आधी निघून ऊन चढायच्या आत घरी. दगडावर हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याला त्यावर चालवायचं नाही. तिचं पाणी वेगळं आणि आपल्यापेक्षा जास्त. शेळ्या दिसल्या की साखळी आखूड. गावातल्या फलजच्या पाटात तिला उतरू द्यायचं नाही. शेकडो वर्षं गावांनी वाटून घेतलेलं ते पाणी आहे, त्यातले पाच फलज 2006 पासून जागतिक वारशात आहेत. इथल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळतो, तेव्हा लस चुकवायची नाही. आणि डोंगरावर ढग दिसले की डोक्यावर कितीही निळं आभाळ असलं तरी वादीतून बाहेर पडायचं.

त्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आम्ही त्याच वादीत गेलो. दोन शुक्रवार ते भेटले नाहीत, तिसऱ्या शुक्रवारी भेटले. चकली त्यांना फार आवडली. खारीक साखळीला ताण देत शेपटी हलवत होती. ते नेहमीसारखे दोन पावलं लांब उभे राहिले आणि तिथूनच विचारलं, "पानी लाया?"

मी दोन्ही बाटल्या वर करून दाखवल्या.