कोकणात बोट ठरवताय? आधी माणसं मोजा, मग भाव करा

छत्रपती संभाजीनगर : औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या खरेदीला आलं की पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र कधी दाखवणार?" कापूस विकून चार पैसे हातात आले, दिवाळीची सुट्टी लागली की दोन-तीन घरं मिळून क्रूझर ठरवतात आणि कोकणची वाट धरतात. मोबाईलवर जंजिऱ्याचे, तारकर्लीच्या डॉल्फिनचे व्हिडिओ पाहिलेले असतात. पण बोटीत पाय ठेवण्याआधी काय पाहायचं, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

आपला आणि समुद्राचा संबंध तसा जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या माहितीपुस्तकात आपल्या पैठणचं नाव आहे. पैठणचे अकीक दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. पैठण ते भडोच प्रवास वीस दिवसांचा, असं त्यात लिहिलंय. माल बंदरापर्यंत आपण नेत होतो, पुढचा प्रवास दर्यावर्दी लोकांच्या हाती होता. आजही तीच गोष्ट लक्षात ठेवायची. जमिनीवरचं आपल्याला कळतं, पाण्यावरचं तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला कळतं.

कुठे काय पाहता येतं?

पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्यांसाठी सोपी सहल म्हणजे घारापुरी. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालं की सकाळी मुंबईत. गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने साधारण तासाभरात घारापुरीच्या लेण्यांपाशी पोहोचता येतं. आपलं वेरूळ मंगळवारी बंद असतं, तशी घारापुरी सोमवारी बंद असते. वार पाहून निघा.

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला होड्या जातात. जवळच शिवरायांनी उभारलेला पद्मदुर्ग आहे, पण तिकडे बहुतेक वेळा बोट वेगळी ठरवूनच जावं लागतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या धक्क्यासमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी नातं असलेले किल्ले 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

स्वतःची गाडी असेल तर आणखी एक मजा आहे. कोकणातल्या खाड्या ओलांडायला गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. लोक त्यांना 'जंगल जेटी' म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा या फेऱ्या. मुरूडहून निघून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर करत गणपतीपुळ्यापर्यंत बंदरं बघत जाता येतं.

खरा धोका भाव करताना सुरू होतो

आपल्याकडे काळी-पिवळीत नऊच्या जागी चौदा बसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तीच सवय घेऊन आपण धक्क्यावर जातो. "सतरा जण आहोत, लेकरं मांडीवर घेतो, एकाच बोटीत बसवा आणि भाव कमी करा," असं म्हणतो. इथेच चूक होते.

बैलगाडीत कडबा उंच रचला की उतारावर गाडी कशी कलंडायला बघते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बोटीचं तसंच आहे. जास्त माणसं बसली की बोट पाण्यात खाली दबते आणि लाट कडेवरून आत यायला वेळ लागत नाही. त्यात डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एकदम उठून एका बाजूला गेले, तर बोट त्या अंगाला झुकते. फोटो बसूनच काढा.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. या दुर्घटनेत 15 जणांचा जीव गेला. धडक हे अपघाताचं कारण होतं, पण 84 प्रवाशांची परवानगी असलेल्या या बोटीत शंभरावर माणसं होती, हेही पुढे आलं. त्यानंतर बोटीत लाईफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली.

हे फक्त समुद्राचंच नाही. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. आपल्या नाथसागरात बोटीत बसतानाही हेच नियम लावा.

भरती-ओहोटी पंचांगावरून कळते

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढायला साधारण सहा तास, उतरायला सहा तास. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच खाली जातं. त्याला उधाण म्हणतात. मुंबईच्या बाजूला तेव्हा चढ-उतार चार मीटरच्या वर जातो, म्हणजे दोन पुरुष पाणी. अष्टमीच्या आसपास तो कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

कोकणात एक सोपा हिशेब चालतो. तिथीला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. हा नुसता अंदाज आहे. नक्की वेळ धक्क्यावरच विचारा. ओहोटीला धक्क्याजवळ पाणी कमी होतं, बोट लागायला अडचण येते. परत यायची वेळ तांडेलाने सांगितली, तर ती त्यासाठी पाळायची असते.

शक्यतो सकाळी निघा. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो, लाटाही वाढतात.

पावसाळ्यात नाही म्हणजे नाही

साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात. याला कारण आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती तर मोठी आगबोट होती. बंदीच्या काळात "गुपचूप नेतो" असं कुणी म्हणालं तर पाय मागे घ्या. सुरू करायची तारीख हवामानावर ठरते, म्हणून गाडी ठरवण्याआधी चौकशी करा.

बोटीत बसण्याआधी एवढं बघा

- बोटीला प्रवासी नेण्याची परवानगी आहे का? नोंदणी क्रमांक आणि प्रवासी संख्या विचारा. मासेमारीची बोट ही मासेमारीसाठी असते, सहलीसाठी नाही.
- लेकरांसकट माणसं मोजा. जास्त असतील तर दोन बोटी करा किंवा दोन फेऱ्या करा.
- लाईफ जॅकेट ढिगात ठेवलेलं कामाचं नाही. अंगात घाला, पट्टे आवळा, बक्कल लावा. लहान मुलांना त्यांच्या मापाचंच मागा. साडी असेल तर पदर खोचून वरून जॅकेट घाला.
- बोट लागत असेल, म्हणजे उलटी-मळमळ होत असेल, तर भरपेट खाऊन बसू नका. नजर लांब क्षितिजावर ठेवा.
- चढता-उतरताना हात मोकळे ठेवा. मोबाईल खिशात, पिशवी खांद्याला.
- दारू प्यायलेला माणूस सोबतचा असो की बोट चालवणारा, ती बोट सोडून द्या.
- समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक 1554. पोलिसांसाठी 112. दोन्ही आधीच मोबाईलमध्ये साठवून ठेवा.

तांडेल नाही म्हणाला तर

चारशे किलोमीटर येऊन धक्क्यावरून परत फिरणं जिवावर येतं. सहलीसाठी घरातल्या बाईने वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात. पण "आज वारा बरा नाही" म्हणणारा तांडेल त्या दिवसाची स्वतःची कमाई सोडत असतो. त्याला जास्त पैशाचं आमिष दाखवू नका. आभाळ भरून आल्यावर, पेरणी करू नको, असं जाणत्या माणसाने सांगितलं तर आपण ऐकतोच ना? तसंच हे.

त्या दिवशी पोरांना वाळूत खेळू द्या, किल्ला काठावरून दाखवा. किल्ला कुठे जात नाही, पुढच्या वर्षी पुन्हा येता येईल.